सभेत विकलेली गाडी

मी ज्या बसनं गाव सोडलं, ती बस मीच भांडून आणलेली होती. सकाळी साडेसहाची, जालन्याला जाणारी. तिच्यासाठी मी पत्रकं लिहिली, निवेदनं दिली, डेपोच्या पायऱ्यांवर घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. पोरींना कॉलेजला जाता यावं म्हणून बस मागितली, आणि तिच्यात बसून कायमची निघणारी पहिली पोरगी मीच ठरले. फाट्यावर उभी राहून मी त्याच विचारानं हसत होते. हसले नसते तर रडले असते.

पायाशी दोन बॅगा आणि एक कापडी पिशवी. पिशवीत ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि घरच्या झाडाच्या मोसंब्या. माय पिशवीची गाठ सोडत होती आणि पुन्हा बांधत होती. “पोचली की फोन कर,” ती म्हणाली. “अन् पहिल्याच दिशी कोनाशी भांडू नको.” नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बॅगा आत ठेवल्या, खाली उतरले आणि खिडकीपासून दोन पावलं लांब जाऊन उभे राहिले.

बस हलली आणि मागून घुंगराचा आवाज आला. आमची गाडी. म्हणजे पूर्वी आमची. काळी, टाकीवर लाल पट्टा, हँडलला एकच पितळी घुंगरू. शेजारच्या गावचे गफूरभाई, ज्यांनी ती आमच्याकडून घेतली होती, एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये कामाला निघाले होते. त्यांनी नानांकडे बघून मान हलवली आणि बसला ओलांडून पुढं गेले. मी खिडकीतून हात हलवत होते. नानांचाही हात वर होता, पण मान हळूहळू वळत गेली, गाडी वळणाआड जाईपर्यंत. लेक पुण्याला चालली आणि बाप मोटरसायकलकडं बघतोय! मला राग आला. मला राग लवकर येतो, हे आमच्या गावाला सांगायची गरज नाही.

हे मी त्या बसनं आज जाणाऱ्या पोरींसाठी लिहितेय, आणि माझ्यासारख्या ज्या गेल्या त्या गेल्याच, त्यांच्यासाठीही. सवयीनं वर ‘बंधू-भगिनींनो’ लिहिलं होतं, ते खोडलं. पत्रकात चूक नेहमी समोरच्याची असते. इथं ती माझी आहे.

गाडी घरात आली तेव्हा मी पाचवीत होते. त्याच उन्हाळ्यात आमचा सरदार गेला. सरदार म्हणजे नानांचा शेवटचा बैल, पांढरा, एका शिंगाचं टोक मोडलेला. जोडीतला दुसरा आधीच मामाकडं दिलेला होता. सरदार म्हातारा होऊन गोठ्यातच गेला, आणि नानांनी पुन्हा बैल घेतला नाही. जालन्याहून ही जुनी गाडी घेऊन आले, गोठ्यात सरदाराच्याच जागेवर लावली, आणि सरदाराच्या माळेतलं एक घुंगरू काढून तारेनं हँडलला बांधलं. माय म्हणाली, “आता हिला कडबा टाकू का?” नाना म्हणाले, “टाक. खाईल तर खाईल.”

नाना तिच्याशी वागायचेही तसेच. सकाळी निघायच्या आधी टाकीवर उजव्या हातानं दोनदा थोपटायचे, बैलाच्या पाठीवर थोपटतात तसं. मग किक. तिची किक सरळ नव्हती. चोक अर्धा ओढायचा, दोन किका हळू मारायच्या, तिसरी दणकून. “दोन लटक्या, तिसरी खरी,” नाना म्हणायचे. पाहुण्यांपैकी कोणी पहिलीच दणकून मारली की ती पायाला असा झटका द्यायची की तो माणूस जेवायला बसला तरी पोटरी चोळायचा. पेट्रोल संपलं की तिला डावीकडं आडवी करायची, तळातला घोटभर इकडून तिकडं यायचा आणि घर गाठता यायचं. सीटचं कव्हर फाटलं तेव्हा मायनं बियाण्याच्या पोत्याचं शिवलं. त्यावरची हिरवी अक्षरं माझ्या शाळेच्या स्कर्टवर उमटायची.

त्या गाडीनं काय नाही वाहिलं! मोसंबीचे कॅरेट, फवारणीचा पंप, माझी आजारी आत्या, एकदा तर दोन शेळ्या, एक पुढं, एक मागं मायच्या मांडीवर. नाना हंगामात एमआयडीसीतल्या बियाण्याच्या प्लांटवर कामाला जायचे, तिच्यावरच. संध्याकाळी घुंगरू ऐकू आलं की माय चहाचं आधण ठेवायची. उकळी येईपर्यंत नाना दारात.

मला त्यांनीच शिकवली, पाझर तलावाच्या कोरड्या तळात. मी अकरावीत, पाय जेमतेम टेकायचे. ते मागचं कॅरिअर धरून पळायचे आणि ओरडायचे, “खाली बघू नको मने! पुढं बघ! खाली काय ठिवलंय!” तिसऱ्या दिवशी मी मागं वळून बघितलं तर ते तलावाच्या पार त्या टोकाला, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे. गावात चर्चा झाली. पोरगी गाडीवर. नानांना पारावर कोणीतरी विचारलं, “नाना, पोरीला गाडी देऊन राह्यले, उद्या तोंड कुठं लपवान?” नाना म्हणाले, “गाडीला अन् बैलाला हात कळतो. तिचा हात चांगला हाय.” एवढंच. या एका वाक्यावर मी माझं सगळं कॉलेज केलं.

पुढं मी चळवळीत पडले. डिक्कीत पत्रकांचे गठ्ठे, शाईचा वास, आणि मी. अंबडला, अंकुशनगरला कारखान्याच्या गेटवर पाळी सुटायच्या वेळी, परतूरच्या बाजारात. एमआयडीसीच्या रस्त्यानं आलं की पत्रकांच्या कडा काळ्या व्हायच्या, मिलच्या धुरानं. ‘जागे व्हा’ असं छापलेल्या ओळीवर काजळी. मी जाईन तिथं घुंगरू माझ्याआधी पोचायचं. लोक म्हणायचे, आली बघा घुंगरूवाली, आता भाषण ऐका.

आणि मग बसचा प्रश्न आला. आमच्या गावाची सकाळची बस बंद झाली होती, प्रवासी नाहीत म्हणून. मी पत्रक काढलं. त्यात लिहिलं की ज्यांनी गाड्या घेतल्या त्यांनी बस मागणं सोडलं, आणि ज्यांच्याकडं गाडी नाही त्यांच्या पोरी घरी बसल्या. वाक्य खरं होतं. आजही मी त्यातला शब्द मागं घेणार नाही. पण ग्रामसभेत किराणा दुकानवाले बबनकाका उठले, पत्रकाची घडी करून कानामागं विडी खोचावी तशी खोचली आणि म्हणाले, “बरोबर लिवलंय पोरीनं. बिलकुल बरोबर. पण बाई, तुझ्या बुडाखाली गाडी, अन् बस मागती आमच्यासाठी? आधी तू उतर की खाली!”

सभा हसली. सगळी. ज्यांच्यासाठी भांडत होते त्या पोरींच्या आयासुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. माझे कान तापले. आणि मी माईक ओढून जाहीर केलं, “आठ दिवसांत आमची गाडी विकते. बस येईपर्यंत आमच्या घरातलं कोणी मोटरसायकलवर बसणार नाही.”

टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माणसाला आपण शहाणे आहोत असं वाटतं.

गाडी माझी नव्हती. कागद नानांच्या नावावर होते, बैल नानांचा गेला होता, कामाला नानांना जायचं होतं. हे मला घरी पोचल्यावर, चपला काढताना सुचलं. नाना सभेत मागच्या रांगेत होते, माझ्याआधी येऊन ओसरीवर बसलेले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, “बोलली ना सभेत? मंग झालं.” आत जाऊन पत्र्याच्या पेटीतून कागदांची पिशवी काढून आणली.

गफूरभाई न्यायला आले त्या दिवशी दारात दहा-बारा माणसं जमली. नानांनी सही केली, गाडी पुसून बाहेर काढली आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “मने, तेवढं घुंगरू काढून घे. जनावर इकताना दावं देत न्हाईत.”

आमच्याकडं ही रीत आहे, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बैल विकला तरी त्याचं दावं, म्हणजे बांधायचा दोर, विकत नाहीत. घेणारा आपला दोर घेऊन येतो. जुनं दावं गोठ्यात खुंटीला राहतं. जनावर गेलं तरी घराशी त्याची गाठ राहावी म्हणून.

मी काय केलं? मी भाषण केलं. दहा-बारा माणसांसमोर, स्वतःच्या बापाला. की नाना, ही यंत्रं आहेत, यांना दावी नसतात. एकीकडं आपण नवा विचार सांगायचा आणि दुसरीकडं घुंगरू कवटाळायचं, हे चालणार नाही. द्यायचं तर पूर्ण द्यायचं. नाना ऐकत राहिले. मग टाकीवर दोनदा थोपटलं आणि बाजूला झाले. गफूरभाईंना त्यांनी फक्त एवढं सांगितलं, “दोन लटक्या, तिसरी खरी.”

गाडी विकल्यानं बस आली नाही, हेही लिहून टाकते. सात महिन्यांनी बस आली ती अठरा पोरी डेपोच्या पायऱ्यांवर वह्यापुस्तकं घेऊन बसल्या म्हणून, आणि रोज बसल्या म्हणून. पहिल्या दिवशी बसला हार घातला तेव्हा खिडकीची जागा धरून कोण बसलं होतं? बबनकाका. मला म्हणाले, “ये ना बाई, उभी काऊन?” त्या सात महिन्यांत नाना एमआयडीसीला जाणाऱ्या टेम्पोत, माणसांच्या गर्दीत उभे राहून कामाला गेले. दुसऱ्या हंगामात गुडघे बोलायला लागले आणि त्यांनी प्लांट सोडला. एका शब्दानं मला काही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी वाद घालून जिंकले असते.

आता मी पुण्यात असते. घरकाम करणाऱ्या बायकांच्या संघटनेत काम करते, चौघीजणी मिळून फ्लॅटमध्ये राहतो. माझ्या मोबाईलमध्ये तीन राईडवाली ॲप आहेत आणि तिन्ही माझी राईड कॅन्सल करतात. भाड्याची इलेक्ट्रिक स्कूटर मिळते. ओटीपी टाकला की सुरू. कोणीही टाका. तिला हात कळत नाही. मीटिंग, फंडिंग, फॉलोअप, असं सगळं बोलायला शिकले. माय म्हणते, “फोनवर कोन बोलून राह्यलंय, आमची मनी की बँकेवाली?”

एकदा दुपारी रिपोर्ट टाईप करताना खालून घुंगरू वाजलं. मी चप्पल न घालता तीन जिने उतरले. कुल्फीवाला होता. आता आलेच आहे तर म्हणून कुल्फी घेतली आणि कंपाउंडच्या भिंतीला टेकून खाल्ली, आणि तिथं मला कळलं की गेली दोन वर्षं मी रस्त्यावरच्या प्रत्येक काळ्या गाडीचा टाकीचा पट्टा बघते. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर तुळशीबागेत गेले. दुकानदाराला म्हटलं, एकच घुंगरू द्या, जरा मोठं, पितळी. तो म्हणाला, “डान्सचं हवं का, ताई?” म्हटलं, “बैलाचं.” त्यानं माझ्या गळ्यातल्या ऑफिसच्या कार्डाकडं असं बघितलं! मिळालं नाही. मिळालं असतं तरी ते कोणाचं असतं?

मायनं फोनवर एक गोष्ट मात्र सांगितली होती, जिच्यावर मी दोन वर्षं छाती फुगवून फिरले. “नाना रोज सकाळी फाट्यावर जातेत. बस टायमावर येती का बघाया, असं म्हनतेत.” मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. बघा, माझे वडील माझ्या बसची राखण करतात.

यंदा पोळ्याला गावी गेले ते ठरवूनच. गाडी परत घ्यायची. नानांना सांगितलं नाही. शेजारच्या गावी चालत गेले. गफूरभाई अंगणात गाडी धूत होते. सीटचं कव्हर नवं, आरसे नवे, लाल पट्टा तोच. घुंगरू तिथंच होतं, चिंचेनं घासल्यासारखं लखलखीत.

मी बसायच्या आधीच बोलले. “गफूरभाई, गाडी परत द्या. म्हणाल ते देते.”

त्यांनी फडकं पिळलं. “बेटा, गाडी इकाया न्हाई घेतली मी. चालवाया घेतली. अजून धा वर्षं पळंल ही.”

“मग निदान घुंगरू द्या. ते माझ्या नानांचं आहे. माझी चूक झाली.”

ते हसले. आत आवाज देऊन चहा सांगितला आणि माझ्यासमोर पाटावर बसले. “तुला काय वाटलं, आम्हाला दावं कळत न्हाई? आमच्याबी घरी बैल होते की. गाडी आणली अन् आठ दिसात घुंगरू सोडून, हातात घिऊन तुमच्या घरी आल्तो मी. तू कुठं मोर्चाला गेल्ती.”

“मग?”

“नाना घेईनात. म्हनले, गफूरभाई, घुंगरू घरात खुंटीला ठिवलं तर गाडी कधी गेली अन् कधी आली, मला कसं कळंल? बांधा परत. मंग मी बांधलं. पहिलं सुतळीनं होतं, आता नट बसवलाय, बघ.”

सुतळीनं नव्हतं, तारेनं होतं. पण मी काही बोलले नाही. आयुष्यात क्वचित.

“तेव्हा ते फाट्यावर टेम्पोसाठी उभे राहायचे,” गफूरभाई सांगत होते. “मी म्हनलं, चला मागं बसा, एकाच रस्त्याला जातो. रोज म्हनायचो. तर म्हनायचे, न्हाई. लेकीनं सभेत सांगितलंय. बस येईस्तोवर आमच्या घरातलं कोनी मोटरसायकलवर बसणार न्हाई.”

चहा आला. त्या सात महिन्यांत मी किती वेळा कार्यकर्त्यांच्या गाडीवर मागं बसून सभांना गेले होते! परतूरला, अंबडला, बिनदिक्कत. उशीर होतो म्हणून. काम महत्त्वाचं म्हणून. शब्द माईकवर मी दिला होता, आणि तो टेम्पोत उभं राहून नानांनी पाळला.

“तू गेलीस ना पुण्याला,” गफूरभाई म्हणाले, “त्या दिशी तेवढा थांबलो न्हाई मी फाट्यावर. म्हनलं, आज लेकीचा दिवस हाय. एरवी रोज थांबतो.”

कशासाठी थांबता, हे मी विचारलं नाही. दोन दिवसांनी परत निघाले तेव्हा बघितलंच.

सकाळी साडेसहाच्या आधी आम्ही तिघं फाट्यावर. मायनं या वेळीही पिशवीची गाठ चार वेळा सोडली. कॉलेजच्या पोरी जमल्या होत्या, कोणी वही चाळत होती, कोणी कोणाच्या वेणीला रबर लावत होती. त्यातली एक मला म्हणाली, “ताई, बस रोज धा मिनिटं लेट येती, तुम्ही पत्रक काढा ना.” मी म्हटलं, तू काढ. मी कच्चं बघून देते.

मग घुंगरू आलं. नाना रस्त्याच्या कडेला सरकले. गफूरभाईंनी गाडी त्यांच्या पुढ्यात आणून उभी केली, इंजिन चालूच. नानांनी टाकीवर दोनदा थोपटलं. गफूरभाईंनी गियर टाकला आणि गेले. मिनिटसुद्धा लागलं नाही. पोरींनी मान वर करूनही बघितलं नाही. त्यांच्यासाठी ते रोजचं होतं. मी तेवढी नानांकडं बघत राहिले, आणि नाना गाडी वळणाआड जाईपर्यंत तिच्याकडं. या वेळी मला राग आला नाही.

“नाना,” मी म्हटलं, “मी चुकले.”

“कशात?”

“गाडीत. घुंगरात. सभेत.”

ते रस्त्याकडंच बघत होते. “गाडी काय, पळतीये. बस आली ना? मंग.”

बस आली, धा मिनिटं लेट. पोरी आधी चढल्या, मी मागून. खिडकीची जागा मला एका पोरीनं सोडली, बबनकाका नव्हते म्हणून. मायनं खालून पिशवी दिली. मी बाहेर बघितलं तर नाना या वेळी दोन पावलं लांब नव्हते. ते बसला लागून, माझ्या खिडकीच्या खाली उभे होते. मला वाटलं, काहीतरी सांगतील.

कंडक्टरनं घंटी दिली. नानांनी उजवा हात उचलला आणि माझ्या खिडकीखालच्या लाल पत्र्यावर दोनदा थोपटलं.

बस निघाली.

पुण्यात कोणी विचारतं, तुझं घर कुठं? मी जिल्हा सांगते, तालुका सांगते, त्यांना कळत नाही, मी चिडते. खरं तर मला एवढंच सांगायचं असतं: साडेसहाच्या बसला, ड्रायव्हरच्या मागं तिसऱ्या खिडकीखाली, पत्र्यावर.